बेडकाचे होकायंत्र : उभयचरांच्या चुंबकीय जाणिवेच्या शोधाचा इतिहास

पावसाळ्यात रात्री वसतिगृहाच्या आवारातून जाताना तुम्हाला खरखरीत, फोडाफोडांच्या कातडीचा, उड्या मारण्यापेक्षा सरपटत चालणारा बेडूक दिसला असेल. बोलताना आपण त्याला बेडूकच म्हणतो. पुस्तकी शब्द ‘भेक’ आणि इंग्रजीतला ‘टोड’. वर्षाचा बराच काळ तो पाण्यापासून दूर, दगडाखाली किंवा बिळात काढतो आणि प्रजननाच्या दिवसांत पाण्याकडे निघतो. युरोपातल्या भेकांवर खुणा करून पाहिले तेव्हा त्यांतले बरेचसे दरवर्षी त्याच तळ्यावर जातात असे आढळले. आता त्या प्राण्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डोळा जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर उंच, समोर गवताची भिंत, वर ढग, वेळ रात्रीची. तळे दिसत नाही. मग दिशा कशी कळते?

याची उत्तरे अनेक आहेत: वास, सूर्य आणि तारे, इतर नरांचे ओरडणे, ओळखीच्या खुणा. या टिपणात त्यांतल्या एकाच उत्तराचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा इतिहास आपण पाहणार आहोत. विषय जीवशास्त्राचा असला तरी तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असे मला वाटते, कारण हा सगळा इतिहास मोजमापाचा आहे. संवेदक कुठे आहे हे माहीत नसताना, तो कोणत्या प्रकारचा आहे हे केवळ बाहेरच्या वर्तनावरून कसे ओळखायचे, हा प्रश्न तुमच्या आमच्या ओळखीचा आहे.

आधी क्षेत्र किती हे पाहू. दिल्लीत पृथ्वीचे एकूण चुंबकीय क्षेत्र सुमारे ४८ मायक्रोटेस्ला आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवायचे साधे चुंबक याच्या शंभरपट तरी प्रबळ असते. हे क्षेत्र क्षितिजाला समांतर नसते. उत्तर गोलार्धात त्याच्या रेषा उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरतात. क्षितिजाशी होणाऱ्या या कोनाला नतिकोन म्हणतात. दिल्लीत तो सुमारे ४४ अंश आहे. म्हणजे क्षितिजसमांतर घटक साधारण ३४.५ आणि उभा घटक साधारण ३३ मायक्रोटेस्ला. ही दोन माणसे लक्षात ठेवावीत तशा या दोन संख्या लक्षात ठेवा. शेवटी त्यांची गरज पडेल.

एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनची या क्षेत्रातली ऊर्जा काढली तर ती सुमारे ४.५ × १०⁻²⁸ जूल येते. शरीराच्या तापमानाला रेणूंची औष्णिक ऊर्जा सुमारे ४ × १०⁻²¹ जूल. दोन्हींत जवळपास एक कोटी पट अंतर! चुंबकीय जाणिवेचा दावा ऐकून भौतिकशास्त्रज्ञ का हसत असत, हे या एका भागाकारावरून कळते. कोटी पट मोठ्या गोंगाटात हा संकेत ऐकणार कोण?

गोंगाटाचा विषय निघाला म्हणून थोडे आपल्याकडे वळू. चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापाचा इतिहास मराठी माणसाला परका नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून प्रा. आर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली, आणि तिथे तरुणपणी काम केलेल्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. हेच केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. सप्टेंबर १८५९ मधले प्रचंड सौर वादळ याच कुलाब्याच्या नोंदींत सापडते; आजचे संशोधक त्या वादळाचा जोर ठरवायला ती नोंद वापरतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह एकदिश असतो आणि रुळांवाटे परतताना तो जमिनीत पसरतो. चुंबकमापकाच्या दृष्टीने हा शेजार भयंकर. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला हलवली गेली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची इमारत लोखंडाचा अंश नसलेल्या, पारखून घेतलेल्या पोरबंदरी दगडाची आहे. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजमाप केले गेले. साधन बदलताना जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवायचे, ही शिस्त प्रयोगशाळेत आपण किती वेळा पाळतो ते ज्याने त्याने पाहावे. शहराचा विद्युतगोंगाट आणि चुंबकीय मोजमाप यांचे हे भांडण शंभर वर्षांनी प्राण्यांच्या बाबतीत पुन्हा उभे राहिले. तिकडे आपण येऊच.

प्राण्यांना चुंबकत्व कळत असावे ही कल्पना जुनी आहे. रशियातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या मिडेनडॉर्फने ती १८५०च्या दशकात मांडली होती. पण कल्पना मांडणे सोपे. पुढची शंभर वर्षे त्यावर प्रयोग झाले, फसले, कधी जमले तर दुसऱ्याच्या हातून जमेनात. १९६०च्या दशकात फ्रँकफर्टला वोल्फगांग विल्चको यांनी बंद खोलीत ठेवलेल्या रॉबिन पक्ष्यांभोवती कॉइल बसवून क्षेत्र फिरवले आणि पक्ष्यांची दिशाही फिरली, तेव्हा विषयाला पाय फुटले. १९७२ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती आपल्या कथेत महत्त्वाची आहे. रॉबिनचे होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखे उत्तर-दक्षिण ध्रुव ओळखत नाही. ते क्षेत्ररेषा कोणत्या बाजूला जमिनीत शिरते तेवढे पाहते. याला नतिकोनी होकायंत्र म्हणू. रेषा जिकडे खाली जाते तिकडे ध्रुव, जिकडे वर येते तिकडे विषुववृत्त. क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटा केला तर आपल्या खिशातले होकायंत्र जागचे हलणार नाही, पण असा पक्षी एकदम उलट दिशेला जाईल.

उभयचरांच्या बाजूला तोवर वेगळीच कामे चालू होती. कॅलिफोर्नियात व्हिक्टर ट्विटी यांनी ओढ्यात राहणारे न्यूट (सरड्यासारखे शरीर असलेले, शेपटीवाले उभयचर) उचलून काही किलोमीटर दूर, डोंगरापलीकडे सोडले. त्यांतले अनेक मूळ ओढ्यावर परतले. डोळे काढलेले न्यूटही परतले. ट्विटींच्या गटाने श्रेय वासाला दिले. इकडे मिसिसिपीत डेन्झिल फर्ग्युसन क्रिकेट बेडकांना, आजूबाजूचे काही न दिसता फक्त आकाश दिसेल अशा कुंपणात ठेवत होते. बेडूक आपल्या मूळ काठाच्या काटकोनात जात. काठाची रेषा हा क्ष-अक्ष धरला तर ही हालचाल य-अक्षावर होते, म्हणून तिला य-अक्षी दिशाज्ञान असे नाव पडले. घाबरलेल्या बेडकाला फार काही नको असते: एक दिशा पाण्याची, एक जमिनीची. तिसरे काम कॉर्नेल विद्यापीठातले क्रेग अॅडलर यांचे. सॅलॅमँडरला डोळ्यांशिवायही उजेड कळतो, आणि त्याचे कारण मेंदूच्या वरच्या बाजूला, पातळ कवटीखाली असलेला पिनिअल भाग असावा, असे ते सांगत होते. चुंबकत्वाशी या शेवटच्या गोष्टीचा काय संबंध, असे तेव्हा कोणालाही वाटले असते.

अॅडलर यांच्या हाताखाली तयार झालेले जॉन फिलिप्स हे या इतिहासातले मुख्य पात्र. १९७७ मध्ये त्यांनी गुहेत राहणाऱ्या सॅलॅमँडरवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्राणी एका बोळातून जायला शिकवले. एका गटासाठी चुंबकीय क्षेत्र बोळाच्या रेषेत होते, दुसऱ्या गटासाठी आडवे. मग दोन्ही गटांना अधिकचिन्हासारख्या आकाराच्या जागेत सोडले. शिकताना क्षेत्राशी जो कोन होता त्याच कोनाची फांदी प्राण्यांनी धरली. उभयचराला चुंबकीय क्षेत्र कळते याचा हा पहिला भक्कम पुरावा. गुहा निवडण्यातही विचार आहे: जिथे सूर्य नाही, चंद्र नाही, तिथला प्राणी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असणार.

खरी मजा मात्र त्यांच्या पुढच्या प्राण्याने आणली. अमेरिकेच्या पूर्व भागात तळ्यांमध्ये राहणारा तांबड्या ठिपक्यांचा न्यूट. त्याची पद्धत समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

न्यूटना बाहेर, उतरत्या तळाच्या टाकीत काही दिवस ठेवत. टाकीच्या एका टोकाला कोरडा काठ, समजा तो पूर्वेला. पाणी तापवले की न्यूट काठाकडे जाऊ पाहतो. मग त्याला आत नेऊन, सर्व बाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या एका गोल रिंगणाच्या मध्यभागी सोडायचे आणि तो कोणत्या दिशेने कडेला पोचतो ते टिपायचे. एका न्यूटची चाचणी एकदाच. आता खोलीत एखादा उजेडाचा कवडसा, जमिनीचा बारीक उतार, पंख्याचा आवाज असेल आणि न्यूट त्यावरून जात असेल तर? म्हणून रिंगणाभोवतीच्या कॉइलने चुंबकीय उत्तर चार वेगवेगळ्या बाजूंना फिरवायची: काही न्यूटसाठी ती खऱ्या उत्तरेला, काहींसाठी पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला. शेवटी सर्व दिशा चुंबकीय उत्तरेच्या संदर्भात मांडायच्या. खोलीतल्या कुठल्याही खुणेचा परिणाम चारी बाजूंना वाटला जाऊन पुसला जातो. उरतो तो फक्त चुंबकीय. सरासरी काढून गोंगाट घालवण्याची ही युक्ती संकेतप्रक्रियेच्या तासाला तुम्ही पाहिलेलीच आहे.

कॉइल काही अवघड वस्तू नाही. दिल्लीत क्षितिजसमांतर घटक ९० अंशांनी फिरवायचा तर मूळ घटकाच्या √२ पट, म्हणजे सुमारे ४९ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र योग्य कोनात मिळवावे लागते. १ मीटर त्रिज्येच्या, प्रत्येकी ५० वेढ्यांच्या हेल्महोल्ट्झ जोडीला त्यासाठी सुमारे १.१ अँपिअर लागतात. गणित स्वतः करून पाहा. अडचण वेगळीच असते. प्रवाह चालू असलेली कॉइल तापते, गुणगुणते; बंद कॉइल थंड आणि गप्प असते. प्राण्याने कशाला प्रतिसाद दिला? यावर तोड म्हणजे दुहेरी वेढ्यांची कॉइल. दोन तारा शेजारी शेजारी गुंडाळायच्या. दोन्हींत प्रवाह एकाच दिशेने सोडला की क्षेत्र तयार होते. एकीत उलटा सोडला की क्षेत्र शून्य, पण उष्णता आणि आवाज तेवढाच. जोसेफ किर्शविंक यांनी १९९२ मध्ये या पद्धतीचे नीट विवेचन केले. मला विचाराल तर या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी उपकरण हेच.

हिशेबाची एक बाबही इथेच सांगतो. दोन न्यूट गेले, एक ३५० अंशांना आणि एक १० अंशांना. नेहमीची सरासरी १८० येते, म्हणजे दोघेही उत्तरेला गेले असता उत्तर दक्षिण येते. कोनांची सरासरी काढताना प्रत्येक कोन एकक सदिश मानून सदिशांची बेरीज करावी लागते, आणि त्या बेरजेची लांबी किती यावरून प्राणी खरोखर एका दिशेने गेले की विखुरले हे ठरते. या शाखेचे एक पायाभूत पुस्तक १९७२ मध्ये कांतिलाल मर्डिया यांनी लिहिले; त्यांचे शिक्षण मुंबई आणि पुणे विद्यापीठांत झाले होते.

आता निकाल. १९८६ मध्ये फिलिप्स यांनी न्यूटच्या दोन कामांची तुलना प्रसिद्ध केली. एक काम काठाकडे जाण्याचे, ज्याला फक्त दिशा पुरते. दुसरे काम दूर नेऊन ठेवल्यावर आपल्या मूळ तळ्याकडे जाण्याचे. त्याला दिशेबरोबर ‘मी कुठे आहे’ हेही कळावे लागते. क्षेत्राचा उभा घटक उलटा केला तेव्हा काठाकडे जाणारे न्यूट बरोबर १८० अंशांनी वळले. म्हणजे रॉबिनसारखे नतिकोनी होकायंत्र. घराकडे जाणारे मात्र वळले नाहीत. त्यांनी ध्रुव ओळखणारे होकायंत्र वापरले, आपल्या खिशातल्यासारखे. एकाच प्राण्यात, काम बदलले की होकायंत्र बदलते! पेटी न उघडता आत दोन वेगळी मंडले आहेत हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग मी फार पाहिलेले नाहीत.

१९९२ मध्ये फिलिप्स आणि बोरलँड यांनी ‘नेचर’मध्ये पुढचा भाग छापला. या वेळी त्यांनी चुंबकीय क्षेत्राला हात न लावता उजेडाचा रंग बदलला. पूर्ण वर्णपटाच्या किंवा निळ्या-जांभळ्या उजेडात (४५० नॅनोमीटरपर्यंत) न्यूट बरोबर काठाकडे गेले. ५०० नॅनोमीटर आणि त्याहून लांब तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या-पिवळ्या उजेडात ते विखुरले नाहीत, तर सगळे मिळून ९० अंश बाजूला वळले.

इथे शंकेखोर विद्यार्थी म्हणेल की रंग बदलल्याने न्यूट बिथरला असेल, दुसरीकडेच जावेसे वाटले असेल. संशोधकांनीही ही शंका घेतली. त्यांनी काही न्यूटना टाकीत ठेवण्यापासूनच लांब तरंगलांबीचा उजेड दिला आणि चाचणीही त्याच उजेडात घेतली. हे न्यूट काठाकडे नीट गेले. म्हणजे त्यांची इच्छा बदललेली नव्हती. त्यांच्या लेखी ‘उत्तर’च ९० अंश फिरलेली होती, आणि शिकतानाही ती तशीच फिरलेली असल्याने चूक चुकीने कापली गेली. शून्यदोष असलेल्या मापकाने मोजून त्याच मापकाने तपासले तर दोष दिसत नाही, तसेच. चुंबकीय जाणिवेच्या वाटेत कुठेतरी प्रकाश शोषणारा रेणू बसला आहे, हे पृष्ठवंशी प्राण्यांत वर्तनावरून दाखवणारा हा प्रयोग होता.

मग तो रेणू डोळ्यांत आहे का? १९९९ मध्ये डॉयचलँडर, बोरलँड आणि फिलिप्स यांनी न्यूटच्या डोक्यावर, पिनिअलच्या वर येईल अशी, इवलीशी गाळणी चिकटवली. डोळ्यांना नेहमीचा उजेड मिळत होता; कवटीतून आत जाणारा उजेड तेवढा लांब तरंगलांबीचा. हे न्यूट असे वागले की जणू सगळा उजेडच तसा होता. साध्या पारदर्शक टोपीचे न्यूट नेहमीसारखे वागले. म्हणजे न्यूटचे होकायंत्र डोळ्यांत नव्हते. ते पिनिअलमध्ये किंवा त्याखाली मेंदूत होते. अॅडलर यांचे जुने काम इथे कामाला आले. आपल्या कल्पनेत ‘पाहणे’ आणि ‘डोळा’ इतके घट्ट चिकटलेले असतात की डोक्याच्या टाळूने दिशा पाहणारा प्राणी पचनी पडायला वेळ लागतो.

हे सगळे शेपटीवाल्या उभयचरांचे झाले. बेडूक आणि भेक यांचे काय? जर्मनीत उलरिख सिन्श यांनी १९८०च्या दशकात प्रजननाच्या तळ्यावरून उचलून दूर नेलेल्या भेकांचा माग काढला. कधी त्यांची घ्राणशक्ती बंद केली, कधी त्यांच्यावर छोटे चुंबक बांधले. त्यांच्या कामातून निघालेले चित्र कमी नाट्यमय पण मला जास्त खरे वाटते: भेक एका संवेदनेवर विसंबत नाही. वास, चुंबकत्व, दिसणाऱ्या खुणा यांचा तो मेळ घालतो, आणि कोणाचे किती ऐकायचे हे जातीप्रमाणे, परिस्थितीप्रमाणे बदलते. २००२ मध्ये फ्रीक, बोरलँड आणि फिलिप्स यांनी अमेरिकन बुलफ्रॉगच्या शेपटीवाल्या पिलांत, टॅडपोलमध्ये, य-अक्षी चुंबकीय दिशाज्ञान दाखवले. २००५ मध्ये त्यांच्यातही उजेडाच्या रंगाने तोच फरक पडतो असे दिसले. न्यूट आणि बेडूक यांची वंशवाट फार पूर्वी फुटली आहे, म्हणून ही यंत्रणा दोघांच्या समान पूर्वजाकडून आलेली असण्याची शक्यता बळावते. प्रौढ भेकांवर बंद रिंगणातला प्रयोग जमवायला २०११ उजाडले; ऑस्ट्रियात लँडलर आणि गोलमन यांनी तो केला. इतका उशीर का, हे ज्याने भेक हातात धरला आहे त्याला कळेल. तो घाबरला की रिंगणाच्या मध्यभागी बसून राहतो आणि तुमचा दिवस संपतो.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. कोटी पट गोंगाटाच्या कोड्याला दोन सुटका आहेत. पहिली, एका इलेक्ट्रॉनऐवजी असंख्य इलेक्ट्रॉनांची फळी वापरायची. मॅग्नेटाइटचा एकच सूक्ष्म स्फटिक हे काम करतो. १९७५ मध्ये ब्लेकमोर यांनी अशा स्फटिकांची माळ घेऊन पोहणारे जीवाणू जगापुढे आणले, आणि १९९९ मध्ये ठिपक्यांच्या न्यूटच्या शरीरातही लोहचुंबकीय पदार्थ मोजला गेला. दुसरी सुटका क्लाउस शुल्टेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुचवली. प्रकाश पडल्यावर काही रेणूंत मुक्तमूलकांची जोडी तयार होते. तिच्यातल्या दोन स्पिनचे नाते औष्णिक समतोल येण्याआधीच्या अत्यल्प काळात क्षेत्राप्रमाणे बदलते, आणि त्याबरोबर रासायनिक क्रियेचा निकालही. समतोल आलाच नाही तर औष्णिक ऊर्जेशी तुलना करण्याचे कारण उरत नाही. ही जोडी आपोआप उजेडावर अवलंबून असते आणि ध्रुव ओळखत नाही, फक्त अक्ष ओळखते; काठाकडे जाणाऱ्या न्यूटच्या दोन्ही लक्षणांशी हे जुळते. २००० मध्ये रिट्झ, अदेम आणि शुल्टेन यांनी या कामासाठी क्रिप्टोक्रोम या निळा प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनाचे नाव पुढे केले, आणि २०२१ मध्ये रॉबिनच्या क्रिप्टोक्रोम-४ वर परीक्षानळीत चुंबकीय परिणाम मोजला गेला. परीक्षानळीत, हे शब्द विसरू नका. कबुतराच्या चोचीतल्या लोहयुक्त पेशींना अनेक वर्षे चुंबकीय चेतापेशी समजले जात होते. २०१२ मध्ये त्या जुने लोह गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी निघाल्या. पदार्थ सापडणे आणि ज्ञानेंद्रिय सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि उभयचरांत अजून कुठल्याही एका पेशीकडे बोट दाखवून ‘हे बघा होकायंत्र’ असे म्हणता आलेले नाही.

आता ट्रामकडे परत. २०१४ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या गटाने लिहिले की त्यांच्या आवारात रॉबिन दिशा चुकत होते. लाकडी झोपडीला आतून अॅल्युमिनियमचे, जमिनीला जोडलेले आवरण बसवले तेव्हा पक्षी सुधारले. जोडणी काढली की पुन्हा बिघडले. दोषी होता उपकरणांतून पाझरणारा, साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधला विद्युतचुंबकीय गोंगाट, तोही फार क्षीण. मूस यांनी ज्यासाठी खाडी ओलांडली त्याच कारणाने इथे झोपडी मढवावी लागली. गुरुग्राम किंवा नोएडातल्या एखाद्या महाविद्यालयात हा प्रयोग करू पाहणाऱ्याने पहिला खर्च या आवरणावर करावा.

आणि प्रयोग इथे करण्यासारखा आहे. वर सांगितलेले बहुतेक काम झाले ते इंडियाना, ऑस्ट्रिया, जर्मनी अशा ठिकाणी, जिथे नतिकोन ६० अंशांच्या पुढे असतो. क्षेत्ररेषा तिथे जवळजवळ सरळ जमिनीत घुसतात आणि कोणत्या बाजूला झुकतात ते स्पष्ट कळते. आपल्याकडे दिल्लीत तो ४४, अलिबागला सुमारे २६, आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ जवळपास शून्य, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते. थुंब्याला १९६३ मध्ये रॉकेट तळ झाला तोही याच रेषेच्या जवळिकीमुळे. नतिकोन शून्य म्हणजे रेषा कुठल्याच बाजूला खाली जात नाही. नतिकोनी होकायंत्राला उत्तर आणि दक्षिण सारख्याच. ध्रुव ओळखणाऱ्या होकायंत्राला मात्र काही फरक पडत नाही. आणि आपला नेहमीचा भेक, डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, दिल्लीच्या बागेतही आहे आणि तिरुनेलवेलीच्या शेतातही. एकच जात, ४४ पासून शून्यापर्यंत सगळे नतिकोन. भारतात गेल्या काही दशकांत उभयचरांवर मोठे काम झाले, दिल्ली विद्यापीठातल्या एस. डी. बिजू यांच्या गटाने शंभराहून अधिक नव्या जाती वर्णन केल्या. त्यांतला २००३ मध्ये जाहीर झालेला सह्याद्रीतला जांभळा बेडूक तर वर्षभर जमिनीखाली राहून मोसमी पावसाच्या थोड्याच दिवसांत ओढ्यावर येतो. पण हे काम मुख्यतः कोण कुठे राहतो याचे आहे. तो वाट कशी काढतो हा पुढचा धडा.

तिरुनेलवेलीला जायलाच हवे असेही नाही. मघाच्या दोन संख्या आठवा. दिल्लीतला उभा घटक ३३ मायक्रोटेस्ला. मघाचीच १ मीटर त्रिज्येची, ५० वेढ्यांची जोडी आडवी ठेवून तिच्यात सुमारे ०.७४ अँपिअर सोडले की हा घटक कापला जातो आणि रिंगणात नतिकोन शून्य होतो. प्रवाह दुप्पट, सुमारे १.४७ अँपिअर केला की उभा घटक पूर्ण उलटतो. आधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी घ्या, कॉइल दुहेरी वेढ्यांची गुंडाळा, झोपडीला आवरण लावा, आणि जुलैची वाट पाहा. पहिल्या प्रवाहाला भेक उत्तर-दक्षिण दोन्हीकडे विभागले गेले आणि दुसऱ्याला १८० अंशांनी वळले, तर ते काठाकडे निघालेल्या न्यूटच्या गटात बसतात. दोन्ही वेळा ते आपल्या वाटेने नीट गेले, तर घराकडे निघालेल्या न्यूटच्या.